हिरडटोल्याचं सलंग

"ओव्हरसियरसाब, मेरी दो एकड जमीन आपने कहाँ गिरा दी?"

शेटजी माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकून उभे होते. टेबलावर माझा नकाशा होता आणि नकाशावर शेटजींचं पोट. मला नकाशाचा वरचा अर्धाच भाग दिसत होता.

"गिराई नहीं शेटजी. थी ही नहीं," मी म्हणालो.

"मिल आ गई, गोदाम आ गया, धान सुखाने का आँगन आ गया. मजदूर कहाँ रहेंगे? आपके सिर पर?"

माझ्या डोक्यावर तेव्हाही फारशी जागा नव्हती आणि लागवड तर मुळीच नव्हती. पण शेटजींचं म्हणणं खरं होतं. गिरणीसाठी त्यांनी घेतलेल्या जमिनीत सगळं बसत होतं, फक्त मजुरांच्या अठरा खोल्या बसत नव्हत्या.

ही गोष्ट मोठ्या लढाईच्या दोन-चार वर्षं आधीची. गोंदिया तेव्हा वाढत्या वयाच्या पोरासारखं कपड्यातून बाहेर पडत होतं. स्टेशन मोठं, गाड्या चार दिशांना जाणाऱ्या, आणि भोवती नजर पोचेल तिथवर धान. जो उठेल तो राइस मिल काढायचा. गावाबाहेरची टोली, म्हणजे लहान वस्ती, बघता बघता गावात यायची. हिरडटोला ही त्यातलीच एक. वीस-पंचवीस घरं, एक तलाव आणि तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांधांनी आखलेली शेतं. त्या बांध्या शेटजींनी घेतल्या आणि मला बोलावलं.

मी खासगी ओव्हरसियर. इंजिनियर सांगतो काय व्हायला पाहिजे, गवंडी करतो जे त्याला जमेल ते, आणि दोघांच्या मध्ये उभा राहून दोघांच्या शिव्या खातो तो ओव्हरसियर. मोजणी करायची, नकाशा काढायचा, काम करून घ्यायचं. मूळचा मी वऱ्हाडातला, काळ्या मातीतला. आमच्याकडे पाणी विहिरीत असतं आणि विहीर पडत नाही. तलावांचा हा मुलूख मला नवा होता. नवा म्हणजे येऊन बारा वर्षं झाली होती. पण तलाव मी पाहत होतो ते नकाशावर निळी शाई भरण्यापुरते.

माझा चेनमन होता मंगरू. चेनमन म्हणजे मोजणीची साखळी ओढणारा. साखळी लोखंडी, सहासष्ट फूट लांब, शंभर कड्यांची. एक टोक माझ्या हातात, दुसरं मंगरूच्या. अकरा वर्षं आम्ही दोघं असे एकमेकांपासून सहासष्ट फुटांवर राहिलो. माझ्या सख्ख्या भावाशी माझं इतक्या अंतरावरूनही जमलं नाही. मंगरू देवरीकडच्या रानातला. अंगाने काटकुळा आणि आवाज असा की शंभरावी कडी खुंटीला लागली की "साहेब, पक्की!" ही त्याची आरोळी स्टेशनवरच्या गार्डालाही ऐकू जायची.

त्याची बायको भागरता बिड्या वळायची. जीभ बोटांपेक्षा चपळ. एकदा मंगरूला परगावी मोजणीला आठ दिवस नेऊन आणला, तर माझ्या दारात येऊन उभी.

"साहेब, तुमच्या साखळीच्या दुसऱ्या टोकाले माझा नवरा आहे. माझ्या टोकाले कोन आहे?"

"तूच सांग," मी म्हणालो.

"कोनीच नाही. एक झोपडं आहे, तेही जळून राहिलं."

ते खरं होतं. मालधक्क्यामागे गवताच्या छपराखाली दोघं राहायचे. इंजिनातून उडालेल्या ठिणगीने छप्पर दोनदा पेटलं होतं. भागरताला विटेचं घर पाहिजे होतं. मोठं नको, छान नको, विटेचं. माझ्याकडे कसलाही नकाशा सुरू असला की ती विचारायची, "हे कोनाचं? याच्यात आमची खोली कोनती?" मी पेन्सिलीने एखादी खोली दाखवायचो. ती म्हणायची, "हे नको, दार पश्चिमेले आहे." शाळेच्या, गोदामाच्या, एकदा तर सरकारी तुरुंगाच्या नकाशातसुद्धा मी तिला खोली दिली होती. तुरुंगातली तिला आवडली. "भिंती जाड आहेत," म्हणाली.

म्हणून शेटजी अठरा खोल्या म्हणाले तेव्हा माझ्या मनात पहिलं नाव आलं ते भागरताचं. या वेळी खोली खरी होती. फक्त दोन एकर सापडायला पाहिजे होते.

मी पटवाऱ्याकडून खसऱ्याची नक्कल मागवली. खसरा म्हणजे गावच्या जमिनीची वही. कोणता तुकडा, किती मोठा, कोणाचा, त्यात काय पिकतं, सगळं ओळीने लिहिलेलं. नक्कल आली ती पाहून मला हसू आलं. पटवारीबुवांच्या बैठकीत गुळाची ढेप असावी. कागदावर माश्यांनी आपापली सही करून ठेवली होती. काळे ठिपके, गोळीएवढे नव्हेत, मोहरीहून बारीक. अशा कागदावर काम करायला मला किळस येते. मी शाई खरवडायची सुरी काढली आणि एकेक ठिपका हलक्या हाताने खरवडला. माझा हात त्या कामात फार साफ होता.

कागद स्वच्छ झाला आणि तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, टोकाशी एक तुकडा दिसला. लांबट, दोन एकरांहून थोडा जास्त, शेटजींच्या जमिनीला चिकटलेला. समोर लिहिलं होतं, 'सलग पडीत'. सलग म्हणजे लागून असलेलं. पडीत म्हणजे ज्यात काही पेरत नाहीत असं. लागून असलेली, रिकामी, दोन एकर. मी खुर्चीतून उठून मंगरूला मिठी मारायचा बाकी होतो.

शेटजींनी तो तुकडा घेऊन टाकला आणि आम्ही जागा पाहायला गेलो. इतकी देखणी जागा मी त्या गावात दुसरी पाहिली नव्हती. कठीण जमीन, आखूड गवत, एका अंगाला मंद उतार. पाळ तिथे खाली उतरत आली होती आणि तिच्या अंगावर चपटे दगड नीट बसवलेले होते. मला वाटलं, गुरं पाण्यावर उतरतात ती वाट असेल. मी डंपी लावली. डंपी ही तिपाईवरची दुर्बीण. कोणती जागा किती उंच, कोणती किती सखल, ते तिच्यातून कळतं. उतार नाल्यापर्यंत एकसारखा होता. वहीत मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'पाण्याचा निचरा उत्तम.'

ते वाक्य अक्षरशः खरं होतं. साऱ्या शिवारात पाण्याचा इतका उत्तम निचरा दुसरीकडे कुठेच नव्हता.

मंगरू खुंट्या ठोकत होता तेव्हा पाळीवरून एक म्हातारा उतरून आला. कमरेला पंचा, खांद्यावर कुदळ, मिशा पांढऱ्या. हा डोमाजी. तलाव बांधणाऱ्या घराण्यातला. इकडे अशी घराणी आहेत. यांच्या आज्या-पणज्यांनी गावोगावी पाळी घातल्या. डोमाजी त्या तलावाचा पाणकर होता. कोणाच्या बांधीला केव्हा आणि किती पाणी सोडायचं ते तो ठरवायचा. आता खालच्या बांध्या शेटजींच्या झाल्या होत्या. पाणी मागणारं कोणी उरलं नव्हतं. तरी तो रोज येऊन पाळीवर फिरायचा.

"राम राम जी," तो म्हणाला. "अठी काऊन खुट्या ठोकून राहिले?"

"घरं बांधायची आहेत बाबा. अठरा खोल्या."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खुंट्यांकडे.

"पन हे तं सलंग होय ना जी?"

म्हाताऱ्याचे पुढचे दोन दात नव्हते. मी त्याचा उच्चार माझ्या परीने दुरुस्त करून घेतला.

"हो, सलगच आहे. म्हणून तर घेतली."

"तुमाले मालूम आहे, सलंग होय म्हनून?"

"अहो बाबा, कागदावर लिहिलेलंच आहे तसं."

त्याने पाळीच्या दगडी टोकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मंग पान्याचं का करान?"

"पाण्याची काय काळजी? विहीर खणू."

"विहीर?" डोमाजीने कुदळ खांद्यावरून खाली घेतली. "सलंगाच्या पान्याले विहीर?"

"मोठी खणू. चुन्यात बांधू."

मंगरू तिकडून ओरडला, "साहेब, पक्की!" डोमाजीने मान हलवली, कुदळ पुन्हा खांद्यावर टाकली आणि निघाला. जाता जाता म्हणाला, "शिकलेली मानसं तुमी. केलं असान काहीतरी."

संध्याकाळी हा संवाद मी शेटजींना नकलेसह करून दाखवला. दात पडल्यासारखं तोंड करून "विहीर?" असं म्हणालो. शेटजी पोट धरून हसले. मंगरूही हसला. पुढे वर्ष-दीड वर्ष मी ती नक्कल बऱ्याच बैठकींत केली. दाद हमखास मिळायची.

खोल्या झाल्या. एका ओळीत अठरा, पाठीला पाठ नाही, मागची भिंत सरळ एकच. एका विटेची, मातीत बांधलेली, बाहेरून फटींत भरलेले चुन्याचे दर्जे. मजुरांच्या खोल्यांना तेव्हा तेवढंच करायचे. जोतं दीड फूट. पहिली खोली, पाळीच्या बाजूची, मी मंगरूसाठी मागून घेतली. वारा तिकडूनच यायचा.

राहायला आली त्या दिवशी भागरताने आत जाऊन मागच्या भिंतीवर तळहाताने धपाधप मारून पाहिलं. बैल घेताना पाठीवर मारतात तसं.

"पडनार नाही ना जी?"

"भागरता, या भिंतीआड तुझ्या नातवंडांची लग्नं होतील."

"पह्यले पोरं तं होऊ द्या," ती म्हणाली, आणि मंगरू लाजून बाहेर पळाला. माझ्या हातात गुळाचा खडा देऊन ती म्हणाली, "साहेब, तुमच्या टोकालेही कोनीतरी आहे आता. हे घर तुमचंच समजा."

पहिल्या वर्षी पाऊस बेताचा झाला. तलाव जेमतेम भरला. भागरताने दाराशी वालाचा वेल चढवला. दुपारी शेजारच्या बायका सुपं घेऊन तिच्याच खोलीत बिड्या वळायला बसायच्या, कारण ती सगळ्यांत थंड. माझ्या घरी वालाच्या शेंगा येत. मी स्वतःवर फार खूश होतो.

आता एक गोष्ट सांगायला पाहिजे. ती मला तेव्हा माहीत नव्हती. तलावाच्या पाळीखालून बांध्यांना पाणी सोडायची एक मोरी असते. तिला इकडे तुडूम म्हणतात. पूर्वी धानाला पाणी लागलं की डोमाजी तुडूम उघडायचा. सगळा पावसाळाभर बांध्या तलावाचं पाणी पीत राहायच्या, आणि तलावात पुढच्या पावसाला जागा होत राहायची. आता बांध्यांवर शेटजींचं धान वाळवायचं अंगण होतं. धान पिकत नव्हतं, वाळत होतं. तुडूम उघडलं तर अंगण भिजलं असतं. म्हणून शेटजींच्या माणसांनी ते दगड-मातीने बुजवून टाकलं होतं. तलाव भरत होता आणि त्याचं पाणी प्यायला खाली कोणी नव्हतं.

दुसऱ्या वर्षी पोळा झाला आणि चौथ्या दिवशी पाऊस लागला. तीन दिवस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी आणि मंगरू माझ्या ओसरीत बसून साखळीला तेल देत होतो. पावसात मोजणी होत नाही, अशी कामं होतात. तेवढ्यात गिरणीचा भोंगा वाजला. भोंग्याची ती वेळ नव्हती. थांबला आणि पुन्हा वाजला. मग वाजतच राहिला.

मंगरू उठला. मी छत्री घेतली. दहा पावलांवर ती उलटी झाली, ती टाकून दिली.

पोचलो तेव्हा पाळीवर सतरा खोल्यांची बिऱ्हाडं उभी होती. बायकांच्या डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं, कोणाच्या हातात कोंबडी. खाली पाणी होतं. गढूळ, जोराचं, पाळीच्या त्या दगडी टोकावरून एकसारखं उतरणारं. ते खोल्यांच्या मागच्या भिंतीला येऊन तटलं होतं, छातीइतकं चढलं होतं. माझी सरळ एकच भिंत. मी पाण्याला बांध घालून दिला होता. पहिल्या खोलीच्या जागी भिंत नव्हती. छपराची एक बाजू पाण्यात लोंबत होती आणि तिथून सगळं पाणी आरपार चाललं होतं.

मंगरू बायकांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवत गेला. शेवटापर्यंत गेला आणि परत पहिल्यापासून पाहू लागला.

डोमाजी चिखलाने माखलेला, हातात कुदळ. त्याने तुडूम उकरायचा प्रयत्न केला होता. ते निघालं नव्हतं.

"का झालं गा?" मंगरूने विचारलं. इतका हळू आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

"सलंग चालू झालं," डोमाजी म्हणाला.

आणि तेव्हा, दुसऱ्या पावसाळ्यात, मी पहिल्यांदा विचारलं, "सलंग म्हणजे काय?"

डोमाजी माझ्याकडे पाहतच राहिला. पाऊस त्याच्या मिशांवरून गळत होता.

"साहेब, तुमीच तं म्हनले होते, मालूम आहे म्हनून."

मग त्याने सांगितलं. त्याला दोन वाक्यं लागली. तलाव तोंडापर्यंत भरला की जास्तीचं पाणी पाळ फोडू नये, म्हणून पाळीचं एक टोक मुद्दाम खाली ठेवतात, त्यावर दगड बसवतात, ते सलंग. आणि त्या पाण्याला नाल्यापर्यंत जायला जी जमीन मोकळी सोडतात ती सलंगाची पडीत.

"दहा वर्सं कोरडी राहते जी," तो म्हणाला. "पन कोनी तिच्यात लसूनही लावत नाही."

दार-दार ठोकत त्यानेच सगळ्यांना बाहेर काढलं होतं. पहिल्या खोलीत भागरता सूप घेऊन बसली होती. त्याने दोनदा हाक मारली. ती हसली म्हणे. "आमच्या साहेबानं बांधली आहे भिंत," म्हणाली, "तुमी कायले भेऊन राहिले बाबा? हातातला कट्टा पुरा करून येतो." कट्टा म्हणजे बिड्यांची जुडी. तो पुढच्या दारांकडे गेला. मागे आवाज झाला तेव्हा तो नवव्या खोलीशी होता.

भागरता दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली, नाल्यापलीकडच्या बांधीत, धानात. मंगरूला ती सापडली. मी त्याच्यापासून बऱ्याच अंतरावर शोधत होतो. त्याने आरोळी दिली नाही. तो खाली बसला, त्यावरून मला कळलं.

पाऊस ओसरल्यावर मी पटवाऱ्याकडे गेलो. नक्कल नाही, मूळ वही दाखवा म्हणालो. त्याने पान काढून दिलं. तिथे माश्या नव्हत्या. स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'सलंग पडीत'. ल-वर टिंब होतं. मी किती ठिपके खरवडले होते ते मला आठवत नाही. त्यातला एक माशीचा नव्हता.

पटवारी म्हणाला, "क्यों साहब, कुछ गलत लिखा है?"

"नाही," मी म्हणालो. "बरोबर आहे."

मंगरूला हे सांगायला मला नऊ दिवस लागले. तो तेव्हा डोमाजीच्या पडवीत राहत होता. त्याला अक्षरओळख नव्हती. मी सगळं सांगितलं. कागद, माश्या, सुरी, म्हाताऱ्याचे दात, माझी नक्कल. ज्या नकलेला तोही हसला होता ती. सांगून झाल्यावर मी वाट पाहत बसलो. त्याने मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

"साहेब," तो शेवटी म्हणाला, "मी जंगलातला मानूस. मले तलावातलं मालूम नाही, अन् वाचताही येत नाही. तुमाले वाचता येते. पन तो म्हातारा तोंडानं सांगून राहिला होता ना. त्याच्यात का वाचाचं होतं?"

मी उठून घरी आलो.

शेटजी वाईट माणूस नव्हते. भागरताच्या दिवसांना ते स्वतः येऊन बसले. पण महिन्याभराने त्यांनी मला बोलावलं.

"ओव्हरसियरसाब, गलती हो गई. अब जोता ऊँचा कर देंगे. चार फुट. पीछे की दीवार पत्थर की."

"शेटजी, ती जागा पाण्याची आहे."

"पानी दो दिन का है. आदमी बारह महीने का."

"त्या दोन दिवसांसाठीच ती सोडलेली आहे," मी म्हणालो. "भिंत दगडाची केली तर पाणी थांबणार नाही, दुसरीकडे वळेल. बाजाराकडे. तिथे काय कराल?"

"बाजार मेरा नहीं है," शेटजी म्हणाले. थट्टेने नाही, नुसती माहिती दिल्यासारखं.

मी काम सोडलं. तसं लिहूनही दिलं. जिथे जिथे देता येईल तिथे अर्ज दिला, सलंगाचा नकाशा जोडून. अर्ज घेणाऱ्या एका बाबूने तो वाचला आणि म्हणाला, "ये सलग है या सलंग? स्पेलिंग ठीक करके लाओ." त्याच्या जागी मी बसून आलो होतो.

शेटजींना दुसरा ओव्हरसियर मिळाला. चांगला मुलगा, नागपूरकडचा. दगडाची भिंत झाली, जोतं चार फूट झालं. खोल्या आजही उभ्या आहेत, कोरड्या आहेत. पाणी बाजाराकडे वळलं. आता भर पावसाळ्यात तलाव भरला की बाजारात गुडघाभर पाणी येतं, दुकानदार फळ्यांवर उभे राहतात आणि आकाशाकडे पाहून म्हणतात, हल्ली पाऊस फार वाईट पडतो. बाजारापलीकडेही एक बोडी होती, म्हणजे लहान तळं. ती बुजवून तिथे लाकडाची वखार झाली. बोडीचं जास्तीचं पाणी कुठून जायचं, हे आता सांगणारं कोणी नाही. डोमाजी लढाईच्या काळात वारला.

मंगरू माझ्याकडे परत येणार नाही असं मला वाटत होतं. तो पुढच्या पौषात आला. साखळी उचलली, चालू लागला. आरोळी मात्र देत नाही. शंभरावी कडी लागली की हात वर करतो. मी त्याला म्हणालो, तुझं घर मी बांधून देतो, माझ्या हाताने, माझ्या सामानाने. जागा तू सांग.

"नकाशा नको साहेब," तो म्हणाला. "जागा डोमाजीनं दाखवली होती."

घर त्याने स्वतः बांधलं, मातीचं, हिरडटोल्याच्या वरच्या अंगाला. मी दिवाळीत जातो. एकही कोपरा काटकोनात नाही. दार एका बाजूला झुकलेलं आहे आणि ओसरीचा उतार चुकलेला आहे. मी बसतो, चहा घेतो आणि त्यातलं काहीही बोलत नाही. गेल्या पावसाळ्यात अर्धं गाव पाण्यात होतं, तेव्हा तिथे चूल पेटलेली होती. तिच्याशी मंगरू एकटाच बसला होता.

मी अजून मोजणी करतो. फरक एवढाच की साखळी उघडण्याआधी त्या शिवारातलं सगळ्यांत म्हातारं माणूस शोधतो आणि प्रत्येक तुकड्याला काय म्हणतात ते विचारतो. शब्द नवा वाटला तर पुन्हा विचारतो. ऐकलेलं बरोबर असेल असं धरत नाही. यात अर्धा दिवस जातो. गिऱ्हाइकं कुरकुरतात, म्हणतात ओव्हरसियर म्हातारा झाला, गप्पा मारत बसतो. मी त्यांना कारण सांगत नाही. हे विचारायला मी एकदा उशीर केला, आणि त्यात जे माणूस गेलं ते माझ्या घरचं नव्हतं.